‘क्लाइन’ : एका जर्मन आडनावाचा अर्थविचार

जर्मन भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला अगदी आरंभीच्या पाठांत जी विशेषणे भेटतात, त्यांत ‘क्लाइन’ हे एक असते. त्याचा अर्थ ‘लहान’. पुढे हाच शब्द आडनाव म्हणून त्याच्या वाचनात वारंवार येतो. जर्मनीत सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या वीस आडनावांत ‘क्लाइन’ची गणना होते. तेव्हा तो साहजिकच असे समजतो, की या घराण्याचा कोणी मूळ पुरुष ठेंगणा असावा आणि त्यावरून हे नाव पडले असावे. हा अर्थ इतका उघड आहे, की त्यापुढे विचार करण्याची गरजच भासत नाही. आडनावांच्या अभ्यासात मात्र जे नाव पाहताक्षणीच कळते, तेच पुष्कळदा सर्वाधिक चकवते. ‘क्लाइन’ हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

जर्मन नामशास्त्र आडनावांचे पाच वर्ग करते : पित्याच्या नावावरून पडलेली, मूळ गावावरून पडलेली, राहत्या जागेवरून पडलेली, व्यवसायावरून पडलेली, आणि व्यक्तीच्या रूपावरून, स्वभावावरून किंवा तिच्या आयुष्यातील एखाद्या प्रसंगावरून पडलेली. ‘म्युलर’ (गिरणीवाला) आणि ‘श्मिट’ (लोहार) ही जर्मनीतील पहिल्या दोन क्रमांकांची आडनावे व्यवसायवाचक आहेत. पाचव्या वर्गातील नावांना जर्मनमध्ये ‘युबरनामे’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर हे ‘वरचे नाव’, मूळ नावावर चढलेले नाव. मराठीत नाव ‘पडते’, किंवा गाव ते ‘पाडतो’. ‘पडनाव’ या जुन्या शब्दात तीच कल्पना आहे. एका भाषेत नाव वर चढते व दुसरीत खाली पडते. परंतु ते नाव माणूस स्वतः घेत नाही, भोवतालचे लोक देतात, ही जाणीव दोहोंतही समान आहे. ‘क्लाइन’, ‘लांग’ (उंच), ‘श्वार्त्स’ (काळा), ‘ब्राउन’ (तपकिरी), ‘क्राउझे’ (कुरळ्या केसांचा) ही सारी या वर्गातील नावे होत. काळे, गोरे, लहाने या आडनावांशी परिचय असलेल्या वाचकाला त्यांचे नवल वाटणार नाही.

या नावांचा उदय कधी झाला हे येथे ध्यानात घेतले पाहिजे, कारण अर्थाचा सारा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे. प्राचीन जर्मन समाजात माणसाला एकच नाव असे. बाराव्या शतकापासून ऱ्हाइनकाठच्या शहरांत, बाझेल आणि कोलोन यांसारख्या ठिकाणी, दुसरे नाव जोडण्याची रीत रूढ होऊ लागली. शहरे वाढली, दस्तऐवज वाढले. शिवाय जुन्या जर्मन नावांच्या जागी मोजकी संतनामे आली आणि एकेका गल्लीत अनेक योहानेस आणि पेटर दिसू लागले. लॅटिन दस्तऐवजांत अशा वेळी ‘डिक्टस’, म्हणजे ‘म्हटला जाणारा’, हा शब्द घालून लोकांत चालणारे नाव पुढे लिहीत. कालांतराने ‘डिक्टस’ गळले, नाव उरले, आणि ते मुलाकडे व नातवाकडे गेले. पंधराव्या शतकापर्यंत बहुतेक जर्मन प्रदेशात ही आडनावे स्थिरावली होती. (या सूत्राचा प्रतिध्वनी साहित्यातही सापडतो. ई. टी. ए. होफमान यांच्या १८१९ मधील कथेचे शीर्षक ‘क्लाइन त्साखेस, गेनान्ट त्सिनोबर’ असे आहे. त्यातील ‘गेनान्ट’ म्हणजे तेच जुने ‘डिक्टस’, आणि ‘क्लाइन’ तर आरंभीच आहे.)

म्हणजे ‘क्लाइन’ या नावाचा अर्थ ठरवायचा तो आजच्या शब्दकोशावरून नव्हे, तर बाराव्या ते पंधराव्या शतकांतील भाषेवरून. त्या काळात या शब्दाचा अर्थ स्थिर नव्हता, हीच या नावाच्या अभ्यासातील मुख्य गोष्ट होय.

प्राचीन उच्च जर्मनमध्ये या शब्दाचे रूप ‘क्लाइनी’ असे होते. (‘उच्च’ व ‘निम्न’ हे शब्द येथे भूमीच्या उंचीचे वाचक आहेत, प्रतिष्ठेचे नव्हेत. दक्षिणेकडील डोंगराळ प्रदेशाची ती ‘उच्च’ आणि उत्तरेकडील सखल प्रदेशाची ती ‘निम्न’ जर्मन.) ‘क्लाइनी’चा अर्थ होता चकचकीत, नितळ, सुबक, नाजूक. इंग्रजीतील स्वच्छतावाचक ‘क्लीन’ हा त्याचाच सख्खा भाऊ. एकाच मूळ शब्दातून इंग्रजीने ‘स्वच्छ’ हा अर्थ घेतला आणि जर्मनने ‘लहान’ हा. दोन्ही अर्थांची संगती त्या जुन्या ‘चकचकीत, नितळ’ या अर्थात लागते. मध्य उच्च जर्मनमध्ये, म्हणजे ज्या काळात आडनावे जन्म घेत होती त्या काळात, ‘क्लाइने’ या शब्दाचे अर्थक्षेत्र फारच विस्तृत झालेले दिसते. सुंदर, नाजूक, तलम, कुशाग्र, सडपातळ, अशक्त, क्षुल्लक आणि लहान असे अनेक अर्थ त्या काळच्या भाषेचे कोश नोंदवतात. जर्मनमध्ये रत्नाला किंवा मौल्यवान दागिन्याला आजही ‘क्लाइनोट’ म्हणतात. त्या शब्दात आकाराचा लहानपणा नाही, कारागिरीचा नाजूकपणा आहे.

मराठी वाचकाला ही अर्थांची गुंतागुंत समजावून देण्यासाठी लांब जावे लागत नाही. ‘बारीक’ हा फारसीतून आलेला शब्द त्याने मनाशी आणावा. बारीक काम म्हणजे नाजूक काम, बारीक नजर म्हणजे तीक्ष्ण नजर, बारीक माणूस म्हणजे कृश माणूस, बारीक पोर म्हणजे लहान मूल. आणि ‘बारकाई’ म्हटले की सूक्ष्म विचार आला. एखाद्या गावात कोणाला ‘बारक्या’ म्हणत असतील, तर तो ठेंगणा आहे, हडकुळा आहे, की भावंडांत धाकटा आहे, हे केवळ नावावरून सांगता येणार नाही. चौदाव्या शतकातील ‘क्लाइने’ची अवस्था नेमकी अशीच होती.

या अर्थपालटाचे एक प्रबळ प्रमाण व्यवसायनामांत मिळते. ‘क्लाइनश्मिट’ हे आडनाव पाहून ‘लहानखुरा लोहार’ असा अर्थ करण्याचा मोह होतो. परंतु ‘क्लाइनश्मिट’ म्हणजे कुलुपे, किल्ल्या, कड्या अशी नाजूक लोखंडी कामे करणारा कारागीर. त्याच्याविरुद्ध ‘ग्रोबश्मिट’, म्हणजे नांगराचे फाळ, गाड्यांच्या धावा असे जाडेभरडे काम करणारा. ‘ग्रोब’ म्हणजे भरड. तेव्हा येथे ‘क्लाइन’ चा विरोध मोठ्याशी नसून भरडाशी आहे. आणखी नवलाची गोष्ट अशी, की आज ‘मोठा’ या अर्थी वापरला जाणारा ‘ग्रोस’ हा शब्दही मुळात ‘जाड, भरड’ याच अर्थाचा होता. बारीक आणि जाडे या जोडीतील दोन्ही शब्द एकदमच सरकले आणि लहान व मोठा ही जोडी झाली. एकाच्या पालटाचा विचार दुसऱ्याला सोडून करता येत नाही.

मग त्याआधी ‘लहान’ आणि ‘मोठा’ यांना काय म्हणत? ‘लुत्सिल’ आणि ‘मिखिल’. पहिला इंग्रजी ‘लिट्ल’चा नातलग. हे दोन्ही शब्द उच्च जर्मनच्या व्यवहारातून मागे पडले, परंतु नकाशावर ते अद्याप शाबूत आहेत. लक्झेंबर्ग या देशाचे नाव ९६३ च्या दस्तऐवजात ‘लुसिलिनबुर्हुक’ असे येते. म्हणजे धाकटा गड. आणि उत्तर जर्मनीतील मेक्लेनबुर्ग, ज्याचा ‘मिखेलेनबुर्ग’ असा निर्देश ९९५ मध्ये सापडतो, तो थोरला गड. ‘लुत्सिल’ निम्न जर्मनमध्ये ‘ल्युट’ या रूपाने जिवंत राहिला. म्हणूनच उत्तरेत ‘ल्युटके’, ‘ल्युट्ये’, ‘ल्युट्येन्स’ ही आडनावे आढळतात, आणि अर्थाने ती ‘क्लाइन’चीच भावंडे होत. दक्षिणेकडे व मध्य भागात आणखी एक स्पर्धक होता : ‘वेनिग’. आज त्याचा अर्थ ‘थोडे’. मुळात तो रडण्याच्या क्रियापदावरून आलेला ‘केविलवाणा’ या अर्थाचा शब्द. केविलवाणा, मग लहान, मग थोडा. येना या विद्यापीठनगरीलगतचे ‘वेनिगेनयेना’ म्हणजे धाकटे येना. तेथील चर्चमध्ये १७९० साली शिलर यांचा विवाह झाला, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांना ते गाव ठाऊक असते. ‘वेनिग’ हेही आडनाव आहे.

थोडक्यात, ज्या शतकांत लोक शेजाऱ्यांना नावे पाडत होते, त्याच शतकांत लहानपणाचा शब्द बदलत होता. ‘क्लाइन’ कोठे, ‘ल्युटके’ कोठे, हे माणसांच्या उंचीवर नव्हे तर बोलीच्या सीमेवर अवलंबून राहिले. कोनराड कुन्झे आणि दामारिस न्युबलिंग यांच्या संपादनाखाली २००९ ते २०१८ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झालेल्या जर्मन आडनावांच्या नकाशासंग्रहाने हा भौगोलिक विचार पक्क्या पायावर उभा केला. त्यासाठी २००५ मधील दूरध्वनिधारकांच्या नोंदी आधार म्हणून घेतल्या गेल्या. ‘क्लाइन’ची दाटी पश्चिमेकडे, ऱ्हाइन व मोझेल या नद्यांच्या परिसरात आणि सारलांडात दिसते. तेथील लोक इतरांहून बुटके होते, असे कोणी म्हणणार नाही.

शब्दाचा अर्थ ‘लहान’ असाच घेतला, तरीही प्रश्न संपत नाही. लहान म्हणजे कशाने लहान? मराठीत ‘लहान भाऊ’ आपल्या मोठ्या भावापेक्षा वीतभर उंच असू शकतो. थोरले माधवराव पेशवे अठ्ठाविशीच्या आत निवर्तले, तरी ते ‘थोरले’च, कारण त्याच नावाचे दुसरे माधवराव पुढे झाले. जर्मन गावांतही बापलेकांचे, दोघां भावांचे किंवा दोन शेजाऱ्यांचे नाव एकच असणे ही रोजचीच गोष्ट होती. मग एक ‘ग्रोस’ आणि दुसरा ‘क्लाइन’. ‘क्लाइनहान्स’ व ‘ग्रोसहान्स’ ही जोडनावे याच व्यवहारातून आली असणे संभवते. वेल्स देशातील ‘वॉन’ हे आडनाव याला समांतर आहे. मूळ वेल्श शब्दाचा अर्थ ‘लहान’, परंतु त्याचा उपयोग पित्याचेच नाव धारण करणाऱ्या पुत्राला वेगळे दाखवण्यासाठी होई. रोमन लोकांतील ‘पाउलुस’, फ्रेंचांतील ‘पती’, हंगेरियनांतील ‘किश’, चेकांतील ‘माली’ ही सारी ‘लहान’ या अर्थाची नावे जेथे आढळतात, तेथे तेथे हीच शंका घेण्यास जागा राहते.

वेस्टफालियात तर हे लहानपण माणसाला सोडून जमिनीला जाऊन चिकटलेले दिसते. तेथे घराण्याला शेतवाडीचे नाव लागे. वाडीची वाटणी झाली, की मूळ नावाआधी ‘ग्रोसे’ किंवा ‘क्लाइने’ असा उपसर्ग लावून दोन वाड्या ओळखल्या जात. वाडीच्या वारस मुलीशी लग्न करून आलेला जावईदेखील त्या वाडीचेच नाव घेई. अशा जावयाच्या नावातील ‘क्लाइने’चा त्याच्या देहाशी, वयाशी वा रक्ताशी काही एक संबंध नसे. माळव्यातील पवारांच्या देवास संस्थानाची थोरली पाती व धाकटी पाती ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे समजणे अवघड नाही. धाकट्या पातीचा राजा वयाने धाकटाच असतो असे नाही.

एवढ्याने ‘क्लाइन’ या आडनावाचा निश्चित अर्थ हाती लागतो काय? लागत नाही. एखाद्या विशिष्ट घराण्याचा जुना दस्तऐवज सापडला आणि त्यात पित्याचे व पुत्राचे नाव एकच निघाले, तर त्या घराण्यापुरते काही सांगता येते. एरवी शक्यतांची मांडणी करून थांबावे लागते. वर्णनवाचक आडनाव हे वर्णन नसून वर्णनाचा अवशेष असते. आणि आज हजारो कुटुंबांना असलेले हे नाव एका ठिकाणी जन्मलेले नाही, शेकडो गावांत स्वतंत्रपणे, निरनिराळ्या कारणांनी पडलेले आहे. समान आडनाव म्हणजे समान कुळ ही कल्पना येथे पूर्णतः निराधार ठरते.

या शेवटच्या विधानाला केवळ शास्त्रीय महत्त्व नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘क्लाइन’ हे नाव धारण करणाऱ्यांत एका नव्या समूहाची भर पडली. हाब्सबुर्ग सम्राट दुसरा योझेफ याने २३ जुलै १७८७ रोजी काढलेल्या फर्मानाने आपल्या राज्यातील यहुद्यांना कायम स्वरूपाची जर्मन आडनावे घेणे भाग पाडले. नेपोलियनने १८०८ मध्ये आणि प्रशियाने ११ मार्च १८१२ च्या आज्ञेने तशीच व्यवस्था केली. तोवर बहुसंख्य यहुदी ‘अमुकाचा पुत्र तमुक’ अशा रीतीने ओळखले जात. आता सोपी, रूढ आणि कोणाला न खुपणारी नावे हवी होती. श्वार्त्स, वाइस, ग्रोस, क्लाइन ही तशी होती. हंगेरीत ती विशेष पसरली. अधिकाऱ्यांनी लोकांच्या रांगा लावून काळे, गोरे, मोठे, लहान अशी विभागणी करून नावे वाटली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती कथा म्हणून चटकदार आहे. इतिहास म्हणून ती जपूनच घ्यावी. परंतु एक गोष्ट तिच्यातून सत्य उतरते : येथे नाव शेजाऱ्यांनी पाडले नव्हते, ते दप्तरात लिहिले गेले होते. चारपाच शतकांपूर्वी गल्लीत जे घडले, ते आता कचेरीत घडत होते. ‘युबरनामे’ या वर्गाची व्याख्या अशा नावांना लावता येत नाही, आणि तरी अक्षरे तीच आहेत.

हंगेरीत पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, नावांचे मग्यारीकरण सुरू झाले आणि कित्येक ‘क्लाइन’ भाषांतराने ‘किश’ झाले. अमेरिकेस गेलेल्यांतील काहींनी ‘क्लाइन’ हे उच्चारण राखण्यासाठी वर्णलेखन बदलले, काहींनी सरळ ‘स्मॉल’ किंवा ‘लिट्ल’ हा पर्याय पत्करला. जर्मनीतच राहिलेल्यांची कथा वेगळी आहे. तेथे १ जानेवारी १८७६ पासून साम्राज्यभर नागरी नोंदणी सुरू झाली आणि आडनावाचे लेखन गोठले. नाव बदलणे ही सरकारच्या मर्जीची बाब ठरली. डीट्झ बेरिंग यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात १८१२ ते १९३३ या काळातील यहुदी नावांचा व त्यांच्याभोवती साचलेल्या द्वेषाचा सविस्तर अभ्यास केला आहे. ‘कोन’ किंवा ‘इत्सिग’ यांसारख्या नावांच्या माणसाला ज्या उपहासाला तोंड द्यावे लागे, त्यातून ‘क्लाइन’ नावाचा माणूस पुष्कळदा सुटे, कारण त्याच नावाचा कॅथलिक खाटीक आणि प्रॉटेस्टंट शिक्षक त्याच रस्त्यावर राहत असे.

हीच गोष्ट नात्सी राजवटीला अडचणीची वाटली. १७ ऑगस्ट १९३८ च्या आज्ञेने, जे पहिले नाव सरकारी यादीत ‘यहुदी’ म्हणून गणलेले नव्हते, त्याच्या जोडीला पुरुषांनी ‘इस्राएल’ आणि स्त्रियांनी ‘सारा’ हे नाव १ जानेवारी १९३९ पासून लावावे असे ठरवण्यात आले. आडनावे काहीच सांगत नव्हती, म्हणून पहिली नावे बोलकी करावी लागली. ज्या शासनाने सारे काही वंशावर उभारले होते, त्याने काढलेल्या या आज्ञेतच, नावावरून वंश कळत नाही, ही कबुली आहे. ड्युसेलडोर्फ येथे १८४९ मध्ये जन्मलेले गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९२५ मध्ये ते वारले. पुढील दशकात त्यांच्या वंशाविषयी शंका उपस्थित केल्या गेल्या. आणि लुडविग बीबरबाख या गणितज्ञाने १९३४ मध्ये त्यांनाच ‘जर्मन’ गणिताचा आदर्श म्हणून पुढे केले. दोन्ही पक्षांना त्यांच्या आडनावाचा उपयोग नव्हता. ते कोणाचेही असू शकले असते.

साहित्यात मात्र नावाला असे मुके राहता येत नाही. हेर्मान हेस यांच्या १९१९ मध्ये लिहिलेल्या ‘क्लाइन आणि वाग्नर’ या दीर्घकथेचा नायक फ्रीडरिख क्लाइन हा एक नेमस्त सरकारी नोकर आहे. तो अफरातफर करून, बायकोमुलांना सोडून दक्षिणेकडे पळतो आणि अखेर सरोवरात देह टाकतो. त्याच्या मनात ‘वाग्नर’ या नावाभोवती दोन माणसे फिरत असतात : एक थोर संगीतकार आणि दुसरा स्वतःच्या कुटुंबाची हत्या करणारा शाळामास्तर. ‘वाग्नर’ म्हणजे मुळात गाड्या बनवणारा सुतार. पण तो अर्थ येथे कोणालाही आठवत नाही, आणि ‘क्लाइन’चा अर्थ मात्र विसरता येत नाही. येथील लहानपण उंचीचे नाही, वयाचे नाही, वाडीचे नाही. ते कचेरीतल्या माणसाचे, समाजाच्या उतरंडीतल्या खालच्या पायरीचे लहानपण आहे. हान्स फालाडा यांच्या १९३२ मधील कादंबरीच्या शीर्षकातील ‘लहान माणूस’ याच अर्थाचा. मध्ययुगीन नामकर्त्यांना हा अर्थ ठाऊक नव्हता असे नाही, ‘क्षुल्लक’ ही छटा तेव्हाही होती. पण विसाव्या शतकात ती इतर सर्व छटांना झाकून टाकते. नामशास्त्रज्ञाने टाळावयाचे ते, म्हणजे जुन्या नावाला आजच्या अर्थाने वाचणे, कथाकार हेतुपुरस्सर करतो, आणि ते त्याला शोभते.

हेस यांची आई तलश्शेरी येथे जन्मली आणि मातामह हेर्मान गुंडर्ट हे मलयाळम कोशाचे कर्ते, त्यामुळे भारतीय भाषांत हेस यांचे अनुवाद होणे स्वाभाविकच आहे. अनुवादकापुढे प्रश्न असा, की या क्लाइनचे मराठीत काय करावे? ‘लहाने’ करावे तर तो माणूस एकदम महाराष्ट्रातला होतो, त्याची जात, जिल्हा, बोली वाचक शोधू लागतो. ‘क्लाइन’ तसेच ठेवावे तर जर्मन वाचकाला प्रत्येक ओळीत ऐकू येणारा शब्द मराठी वाचकाला एक परका ध्वनी उरतो. तळटीप दिली तर अर्थ एकदाच कळतो, तो पानोपानी ऐकू येत नाही. नाव मूळचेच राखून, नायकाच्या मनोव्यापाराच्या वर्णनात मूळ कथा जेथे वाव देईल तेथे ‘लहान’, ‘बारका’, ‘क्षुद्र’ यांपैकी एकच शब्द निवडून तो सातत्याने योजणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग दिसतो. या तिघांत ‘बारका’ मध्य उच्च जर्मनला सर्वांत जवळचा आणि ‘क्षुद्र’ हेस यांना.